पॅरालिम्पिकचा जनक

प्रश्न : आमच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिम्पिकमध्ये, पोहण्यात सुवर्ण जिंकलं. या स्पर्धा सुरू कुणी केल्या? (एक वाचक, सांगली)

उत्तर : लुडविग गुटमान यांनी. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊचे ज्यू न्यूरोसर्जन. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी सिनेगॉग जाळले, त्या रात्री गुटमान यांचा हुकूम होता : हॉस्पिटलच्या दारात येईल त्याला भरती करा! मग गेस्टापोपुढे (नाझींच्या गुप्त पोलिसांपुढे) एकेकाचं दुखणं रचून सांगितलं. १९३९ मध्ये इंग्लंड गाठलं. १९४४ पासून तिथल्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलात कंबरेखाली लुळे पडलेले सैनिक त्यांचे रोगी.

मी जन्मभर वॉर्डात राबलेली नर्स. मला विचाराल तर पदकांपेक्षा मोठी त्यांची शिस्त : दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. एरवी असे रोगी बेडसोअर (एका कुशीवर पडून होणाऱ्या जखमा) नि लघवीच्या जंतुसंसर्गानेच दगावत. आणि स्पर्धा? २९ जुलै १९४८ला लंडन ऑलिम्पिक सुरू झालं, त्याच दिवशी त्यांनी १६ जणांना व्हीलचेअरवरून तिरंदाजीत उतरवलं. तीच पॅरालिम्पिकची सुरुवात.