भालाफेकीत फेक कमी गेली की खेळाडू मुद्दाम फाऊल का करतात?

तुमचा प्रश्न असा की २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक अजिंक्यपदात नीरज चोप्राची पहिलीच फेक फाऊल होती, ती त्याने मुद्दाम रेषा ओलांडून बाद करून घेतली असं लोक म्हणतात, तर असं का करतात? आणि नाशिकला कॉलेजात भाला फेकणारा तुमचा भाचा हल्ली तेच करायला लागलाय, त्याला करू द्यावं का?

नका करू देऊ. आज संध्याकाळीच सांगा त्याला. खरं तर मी इथे फक्त वाचायला येतो, पण हा प्रश्न दिसला आणि राहवेना.

नियमाच्या हिशेबाने मुद्दाम फाऊल करून पदरात काही पडत नाही. सहा फेकींतली सगळ्यात लांबची धरतात. बाकीच्या पाच सत्तर मीटरच्या असल्या काय आणि पाचही फुल्या, म्हणजे बाद फेकी, असल्या काय. त्याच अंतिम फेरीत पाकिस्तानच्या अर्शद नदीमची पहिली फेक ७४.८० होती. जगातल्या निवडक बारा जणांत ७४.८० म्हणजे मान खाली घालायचीच गोष्ट. त्याने ती तशीच फलकावर राहू दिली, तिसऱ्या फेरीत ८७.८२ टाकली आणि रौप्य घेऊन गेला. नीरजची ८८.१७. फरक ३५ सेंटिमीटर, म्हणजे शाळेतली फूटपट्टी आणि वर तीन बोटं. ७४.८० मुळे अर्शदचं काय अडलं? काही नाही.

मग करतात कशाला? आकडा नको असतो म्हणून. नावापुढे ७९ दिसण्यापेक्षा फुली बरी वाटते, आणि 'ही माझी फेक नव्हेच' असं स्वतःलाच सांगता येतं. मिजास आहे ती. ज्याच्या हातात ८८ आहे त्याला शोभते. तुमच्या भाच्याच्या हातात किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही.

माझ्या हातात ५२ होती.

साल १९९९. आम्ही मखमलाबादचे, घरची द्राक्षबाग. भाल्याचा नाद घरात आणला थोरल्या भावाने, अण्णाने. बागेच्या कडेला पडीक तुकडा होता, तिथे बांबूच्या भाल्याने सुरुवात. नाशकात ॲथलेटिक्स म्हणजे लांब पल्ल्याचं धावणं. तेव्हाही तेच होतं, आणि पुढे सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणल्यावर तर विचारूच नका. अभिमानच आहे, पण भाला घेऊन बसमध्ये चढलं की कंडक्टरसुद्धा विचारायचा, "धावत का नाहीस रे त्यापेक्षा?"

तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. मैदानाचं नाव घेत नाही, पंचांचंही नाही. ऑक्टोबर छाटणी चालू होती, आणि अण्णा बागेत माणसं लावून मला बघायला आला होता. त्या दिवसाची मजुरी किती गेली हे तो अजून ऐकवतो. पहिले दोघे पुढच्या स्पर्धेला जाणार होते. चार फेकी झाल्या तेव्हा माझी ५२.४०, दुसऱ्या नंबरवरच्या पोराची ५३.१२.

पाचवी फेक. धाव चांगली आली, तिरपी पावलं बरोबर पडली, डावा पाय रोवला. पण भाला सुटताना शेपूट थरथरली. हातातून सुटतानाच कळतं असं आम्ही भालेवाले म्हणतो, तसं मला कळलं की ही गेली वाया. भाला आडवा तरंगत गेला आणि त्या वाळलेल्या टणक जमिनीवर टोक टेकून फर्रकन घसरला. रुतला नाही. मी एक शिवी घातली, मान खाली घातली आणि तसाच पुढे चालत पांढऱ्या कमानीपलीकडे, म्हणजे फेकीच्या रेषेपलीकडे गेलो.

मान वर केली तर भाल्याजवळचा पंच हात हलवत ओरडत होता, "रुतला नाही!" आणि रेषेवरच्या पंचाचा लाल झेंडा वर.

आणि भाल्याने जमिनीवर जिथून घासायला सुरुवात केली होती तो ओरखडा, फक्कीने मारलेल्या ५५ च्या रेघेच्या चांगला पाऊलभर पुढे होता.

हे नीट समजून घ्या, कारण पंचवीस वर्षांचं भांडण यावर आहे. भाला रुतलाच पाहिजे असा नियम नाही. टोक बाकीच्या भाल्याच्या आधी जमिनीला लागलं की फेक धरायची. त्यानंतर तो घसरो, कोलांटी खावो, आडवा होवो. टोक लागलं की नाही यावरून पूर्वी फार वाद व्हायचे, कारण जुने भाले तरंगत जाऊन सपाट पडायचे. त्यातच १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर टाकली, म्हणजे मैदानच पुरेना. मग १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला, जेणेकरून नाक लवकर खाली यावं आणि भाला टोकावर पडावा. जगाने भाला बदलला तरी आमच्याकडच्या पंचांच्या डोक्यात 'रुतला तर खरा' हेच बसलेलं.

म्हणून माझं म्हणणं, फेक बाद झाली ती पंचाला नियम माहीत नव्हता म्हणून. अण्णाचं म्हणणं, फेक बाद झाली ती मी रागाने रेषा ओलांडली म्हणून. "तो काय ओरडला ते सोड. तू रेषेपुढे उभा होतास का नव्हतास?"

सहावी फेक कुठे गेली ते विचारू नका.

आता बुडापेस्टची रात्र. २७ ऑगस्ट २०२३, रविवार, आपल्याकडे पावणेबाराला अंतिम फेरी सुरू. दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार, वहिनी साबुदाणा भिजत घालून झोपायला गेलेली. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून मी आणि अण्णा बसलेलो. नीरजची पहिली फेक, पाय रेषेवर, फुली. मी म्हणालो, "मुद्दाम केलं बघ." अण्णा मोबाइलकडे न बघताच म्हणाला, "तुझ्यासारखं."

झालं. पुढची फेक यायला अकरा जण मधे असतात, तेवढा वेळ भांडायला पुरतो. अण्णाने दाराआडची ओली छत्री आणून माझ्या हातात दिली, फरशीची एक सांध दाखवली. "ही कमान. टाक." पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस मी, पण टाकली हो. म्हणजे छत्री हातातच, फक्त पावलं आणि आविर्भाव. आणि सवयीने मान खाली घालून दोन पावलं पुढे गेलो.

"थांब," अण्णा म्हणाला. "आता सांग, झेंडा आधी वर गेला की तुझा पाय आधी गेला?"

"झेंडा."

"बघत कुठे होतास?"

फरशीकडे बघत होतो. छत्रीचं पाणी टपटप पडत होतं त्याच्याकडे.

उत्तर द्यायची वेळ आली नाही, कारण तेवढ्यात नीरज दुसऱ्यांदा धावला. ८८.१७. भाला हवेत होता तेव्हाच त्याने पाठ फिरवली, हात वर केले, आरोळी ठोकली. मी लगेच म्हणालो, "बघ! सुटतानाच कळतं!" अण्णा म्हणाला, "त्याला कळतं. तुला कळत नव्हतं. तुला जी वाया गेली वाटली ती तुझी आयुष्यातली सगळ्यात लांब फेक होती."

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. त्या रात्री किशोर जेना ८४.७७ टाकून पाचवा आला आणि डी. पी. मनू ८४.१४ वर सहावा, पहिल्या सहात आपले तिघे, आणि मी मात्र साबुदाण्याच्या पातेल्याकडे बघत बसलेलो.

तर भाच्याला सांगा. भाला जमिनीला लागेपर्यंत धावपट्टी सोडायची नाही, आणि सोडायची ती कमानीच्या मागूनच. फेक कितीही भिकार वाटो. पाठ फिरवली तर चालते, नीरजने फिरवली तशी, पण पाय मागेच पाहिजेत. आणि पंचाने चुकीचं बाद दिलं असं वाटलं तर तिथल्या तिथे तोंडी हरकत घ्यायची, फेक मोजून नोंद राखून ठेवा म्हणायचं. तशी सोय नियमात आहे. मला हे कळलं तेव्हा माझी मुलगी दहावीला होती.

एक-दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. फुली प्रत्येक वेळी मुद्दाम नसते. नीरज भाला सोडल्यावर अंगाचा सगळा जोर पुढे टाकून जवळजवळ तोंडावर पडतो. रेषेच्या इतक्या जवळ पडणाऱ्याचा पाय कधीतरी जाणारच. पॅरिसला २०२४ मध्ये त्याच्या सहापैकी पाच फाऊल होत्या आणि उरलेल्या एकीने, ८९.४५ ने, रौप्य आणलं. पण २०२५ ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तिसरी आणि पाचवी फाऊल गेली, बाकीच्यांत सगळ्यात चांगली ८४.०३, आणि तो आठवा. आपलाच सचिन यादव ८६.२७ टाकून चौथा आला. तेव्हा फुल्यांच्या भरवशावर राहू नये. शिवाय मी वर म्हणालो बाकीच्या फेकींना किंमत नाही, ते अगदी खरं नाही. दोघांची सर्वोत्तम फेक सारखी आली की दुसऱ्या क्रमांकाची फेक बघतात. तिथे फुली नडते. आणि सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर मागचे गळतात, त्याआधी जवळ एखादा तरी आकडा हवा.

भाच्याच्या कोचला मात्र एवढं जरूर विचारा की मैदानावरच्या पंचांना टोकाचा नियम माहीत आहे ना. कारण अण्णा काहीही म्हणो, पायाबद्दल त्या दिवशी कोणी चकार शब्द काढला नव्हता. "रुतला नाही" हेच ओरडला तो. मी ऐकलंय. मान खाली असली तरी कान उघडे होते.