टीपॉट डोम प्रकरणात मंत्र्याची लाच नेमकी कशी उघड झाली?

टीपॉट डोम (वायोमिंग) आणि एल्क हिल्स (कॅलिफोर्निया) हे अमेरिकी नौदलाचे राखीव तेलसाठे. 1921 मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या आदेशाने ते अंतर्गत खात्याकडे (सरकारी जमिनी सांभाळणारं खातं), म्हणजे मंत्री अल्बर्ट फॉल यांच्याकडे गेले. 1922 मध्ये फॉल यांनी निविदा न काढता पहिला साठा तेल उद्योजक हॅरी सिंक्लेअर यांना आणि दुसरा तेल उद्योजक एडवर्ड डोहेनी यांना भाड्याने दिला.

निविदा नसणं हा मुळात गुन्हाच नव्हता, कायद्यात तशी मुभा होती. म्हणून या प्रकरणाची चौकशी करणारे सिनेटर थॉमस वॉल्श यांनी पैशाचा माग काढला. न्यू मेक्सिकोतल्या रँचवर अचानक एवढा खर्च करायला फॉल यांच्याकडे पैसा आला कुठून? फॉल यांनी एका वृत्तपत्रमालकाचं नाव सांगितलं, पण त्याने शेवटी कानावर हात ठेवले. मग 1924 मध्ये डोहेनींनीच कबूल केलं, की मुलाच्या हाती काळ्या बॅगेतून 1 लाख डॉलर रोख पाठवले होते. सिंक्लेअर यांनी सरकारी रोखे दिले होते आणि रोख्यांवर क्रमांक असतात, त्यामुळे तेही सापडले.

1927 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही करार रद्द केले. 1929 मध्ये फॉल यांना एक वर्ष कैद झाली. चीड आणणारी गोष्ट ही, की तीच लाच दिल्याच्या आरोपातून डोहेनी 1930 मध्ये निर्दोष सुटले!