मीठ-साखरेच्या पाण्यात साखर कशाला?

या खेपेच्या टपालातली तीन पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात: पेशीचं पटल. तिन्ही इंदूरचीच. आजोबांचं पत्र आधी घेते, कारण त्यात घरातला वाद मिटवायचा आहे.

प्रश्न : मी मधुमेही आहे. लग्नाचं जेवण बाधलं, जुलाब सुरू झाले. सूनबाईंनी मीठ-साखरेचं पाणी आणलं. मी म्हटलं, साखर वगळा, नुसतं मीठ-पाणी द्या. त्या ऐकेनात. बरोबर कोण? आणि शिकंजी चालली असती का?
— एक आजोबा, लोकमान्यनगर

उत्तर : सूनबाई बरोबर. आजोबा, ती साखर चवीसाठी नसते हो.

आतड्याला आतून पेशींचा एकेरी थर असतो आणि प्रत्येक पेशीला मेदाचं पटल. मेदातून ऑक्सिजन आरपार जातो, अल्कोहोलही जातं. मिठातल्या सोडियमवर मात्र विद्युतभार असतो, त्याला मेद आत घेत नाही. त्याच्यासाठी पटलात प्रथिनं बसवलेली असतात. त्यातलं एक मोठं अटीचं आहे. साखरेतून मिळणाऱ्या ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन (भारित कण) एकत्र आले तरच ते त्यांना आत सोडतं, एकट्या सोडियमला दाद देत नाही. ही जोडी आत गेली की पाणी तिच्यामागे जातं. सोडियमला आत शिरायचे आणखीही मार्ग आहेत, पण कॉलऱ्यासारख्या जुलाबात ते मंदावतात आणि हे जोडीचं प्रथिन तेवढं नेटानं काम करत राहतं. तुमचं नुसतं मीठ-पाणी बरंचसं आलं तसं निघून गेलं असतं.

सोडियम आत यायला इतकं उतावीळ का असतं? कारण त्याच पेशीच्या दुसऱ्या अंगाच्या पटलात एक पंप अखंड चालू असतो. प्रत्येक फेरीत तो ३ सोडियम बाहेर काढतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियमचा कायम तुटवडा. हा पंप फुकट चालत नाही, प्रत्येक फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची पडतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करून तो दाखवून दिला; नोबेल मिळालं १९९७ मध्ये. चाळीस वर्षांनी! पटलाला नुसतं ‘आवरण’ म्हणून पुढे जाणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी.

ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. तिचा खरा कस लागला तो १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात. बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

आता तुमच्या मधुमेहाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाच्या पाकिटात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. लग्नात तुम्ही किती जिलब्या घेतल्या ते विचारत नाही, पण त्यापुढे हे काही फार नाही. रक्तातली साखर तपासत राहा, डॉक्टरांना कळवा, पण पाकीट टाळू नका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर हात सैल सोडून घालू नये. जास्त झाली की ती उलट आतड्यातच पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

शिकंजी? लिंबू सरबताला शिकंजी म्हणणारे पाहुणे वेगळे. आपल्या सराफ्यातली दाट दुधाची, सुक्या मेव्याची शिकंजी बरं वाटल्यावर, तीही चार घोट.

प्रश्न : अकरावीत आहे, भंवरकुआँला कोचिंगला जातो. पटल ‘फ्लुइड’, म्हणजे प्रवाही, आहे असं शिकवतात. मग पेशी सांडत का नाही? की नुसतं पाठ करायचं?

उत्तर : पाठ नको रे करूस, प्रश्न छान आहे. पटलातल्या मेदाच्या रेणूंची डोकी पाण्याला धरून राहतात, शेपट्या पाणी टाळतात. आतही पाणी, बाहेरही पाणी. म्हणून ते दोन थरांत, शेपटीला शेपटी लावून उभे राहतात. कुठे छोटी फट पडलीच तर शेपट्या पाण्यासमोर उघड्या पडतात आणि थर पुन्हा जुळून येतो. मात्र आपापल्या थरात ते मोकळे सरकतात. रंगपंचमीच्या गेरमध्ये, त्या रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर तू इकडून तिकडे ढकलला जातोस, पण गर्दीबाहेर काही पडत नाहीस, तसं.

पुरावा हवा? १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची पेशी आणि माणसाची पेशी एकमेकांत मिसळवली. एकीच्या पटलातल्या प्रथिनांना हिरवी चमक, दुसरीच्यांना लाल. सुरुवातीला अर्धी हिरवी, अर्धी लाल; ३७ अंशांवर ४० मिनिटांत सगळीकडे सरमिसळ. थंडीत ठेवल्यावर हे मिसळणं अडलं. पटल ‘फ्लुइड’ आहे असं सांगणारं सिंगर-निकोल्सन यांचं प्रारूप १९७२ चं, म्हणजे त्यानंतरचं.

प्रश्न : मुलीनं कांद्याच्या पापुद्र्याची आकृती काढून बाहेरच्या रेषेला ‘पेशीपटल’ लिहिलं. बाईंनी खोडलं. का?
— एक आई, रामबाग

उत्तर : कारण ती रेषा पेशीभित्तिकेची, म्हणजे पटलाबाहेरच्या जाड भिंतीची. पटल जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाडीचं आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दिसत नाही. तरी त्याची कड दाखवता येते. लाल कांद्याचा बाहेरचा रंगीत पापुद्रा घ्या आणि काचपट्टीवर घट्ट मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा. काही मिनिटांत आतला गुलाबी भाग आकसून भित्तिकेपासून सुटतो. त्याच्या काठालगत पटल असतं. मग कडेनं साधं पाणी सोडून टिपकागदानं खारं पाणी ओढून घ्या, पेशी जिवंत असतील तर पुन्हा फुगतील. दोन्ही आकृत्या वहीत काढायला सांगा, आणि खाली मिठाचं प्रमाण लिहायचं विसरू नका म्हणावं.