इनडोअर सायकलिंगमध्ये कॅलरी नक्की किती जळतात? सायकलचा डिस्प्ले खरा की घड्याळ?

तुमचं वजन 70 किलो, पाऊण तासाच्या सेशनला सायकलचा डिस्प्ले दाखवतो 620 कॅलरी आणि मनगटावरचं घड्याळ 410. माझं मत विचाराल तर 620 वर विसंबू नका. पाऊण तासात तेवढ्या जाळायच्या तर सरासरी 190 ते 230 वॅट ताकद सतत लावावी लागते. चांगला सराव असलेल्या माणसालाही त्यात घाम फुटतो. सायकल चालवता चालवता तुम्ही फोनवर बोलू शकत असाल, तर विषयच संपला.

सगळा हिशोब वॅटवर ठरतो. सरासरी वॅट गुणिले सेकंद, भागिले 1000, की पायांनी केलेलं काम किलोज्यूलमध्ये मिळतं. 150 वॅटने 45 मिनिटं म्हणजे 405 किलोज्यूल. आता गंमत बघा. एका किलोकॅलरीत (आपण जिला नुसती कॅलरी म्हणतो ती हीच) 4.18 किलोज्यूल असतात, पण शरीर खर्च केलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. चारने भागायचं आणि पुन्हा चार-पाचने गुणायचं, त्यामुळे किलोज्यूलचा आकडा तोच ढोबळमानाने कॅलरींचा. 405 किलोज्यूल म्हणजे 400 ते 480 कॅलरी. याहून नेमकं उत्तर घरबसल्या मिळत नाही. पॉवर मीटर किंवा स्मार्ट ट्रेनर, म्हणजे वॅट थेट मोजणारं उपकरण, असेल तर मी दुसरं काही बघतच नाही.

साध्या सायकलींचा डिस्प्ले बऱ्याचदा फक्त चाकाचे फेरे मोजतो. तुमची कशी आहे ते लगेच कळेल: रेझिस्टन्सची नॉब सैल सोडून एक मिनिट चालवा, मग नॉब घट्ट करून त्याच वेगाने आणखी एक मिनिट. दोन्ही वेळा कॅलरी सारख्याच वाढल्या, तर त्या डिस्प्लेला तुमच्या मेहनतीचा पत्ताच नाही. नॉब सैल असताना जड फ्लायव्हील (पेडलने फिरणारं चाक) स्वतःच्या गतीनेच फिरत राहतं, पाय नुसते सोबत जातात आणि आकडा मात्र पळत असतो.

घड्याळ हृदयाच्या ठोक्यांवरून अंदाज बांधतं. तेही चकतं, पण जरा कमी. बंद खोलीत वारा नसतो, शरीर तापतं आणि ताकद तेवढीच असूनही शेवटी शेवटी ठोके चढत जातात. घड्याळाला वाटतं, तुम्ही जोर वाढवलात. समोर पंखा लावा. छातीचा पट्टा वापरलात तर ठोके तरी नीट मोजले जातील, मनगट हँडलवर दुमडलेलं असलं की घड्याळाचं मोजमाप बिनसतं.

वॅट कळत नसतील तर मेटचा (नुसतं बसून राहण्याच्या किती पट ऊर्जा लागते, तो आकडा) आधार घ्या: मेट गुणिले वजन किलोमध्ये गुणिले तास. 90 ते 100 वॅटच्या मध्यम मेहनतीला 6.8 मेट धरतात. तुमच्या वजनाला पाऊण तासाचे होतात साधारण 357. म्हणजे घड्याळाचा आकडा निदान आसपास तरी आहे.

हे आकडे डाएट ॲपमध्ये टाकणार असाल तर थोडी वजाबाकी करा. 70 किलोचा माणूस नुसता बसून राहिला तरी तासाला सुमारे 70 कॅलरी जातात आणि ॲपने त्या दिवसभराच्या खर्चात आधीच धरलेल्या असतात. तेव्हा 410 मधून पन्नासेक काढून 360 लिहा.