टेम्प्लेट फुकटचं, पण सोबत आलं काय?

प्रश्न : कसबा पेठेत आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं पिढीजात दुकान आहे. भाच्याने इंटरनेटवरून फुकटचं टेम्प्लेट, म्हणजे वेबसाइटचा तयार साचा, घेऊन वेबसाइट करून दिली. वर्ष होत आलं, पण गूगलवर दुकानाचं नाव टाकलं तरच ती दिसते. ओळखीचा एक वेबसाइटवाला म्हणतो, "फुकटच्या टेम्प्लेटला गूगल खाली ढकलतं. नवी करून घ्या, 25,000 होतील." त्यातून आमच्याच आळीतल्या दुसऱ्या दुकानाची साइट हुबेहूब आमच्यासारखी आहे. टेम्प्लेट एकच! गूगल आम्हाला नक्कल समजत असेल का? साइटचा पत्ता सोबत दिला आहे.
— एक तांबट

उत्तर : आधी ते 25,000 खिशातच राहू द्या. टेम्प्लेट फुकट आणलं की विकत, याच्याशी गूगलला देणंघेणं नाही. शेजाऱ्याची साइट तुमच्यासारखी दिसते यानेही बिघडत नाही. लग्नपत्रिकेचा एकच नमुना शंभर घरं निवडतात, आत नावं ज्याची त्याची असतात. नक्कल पकडली जाते ती मजकुराची. तुम्ही दोघांनीही 'तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे फायदे' हा परिच्छेद कुठून तरी जसाच्या तसा उचलला आहे, स्वल्पविरामांसकट. तो तेवढा आजच काढा.

आता तुमच्या साइटबद्दल. मी ती उघडली आणि उजवं बटण दाबून 'व्ह्यू पेज सोर्स' केलं. अगदी तळाशी, टेम्प्लेट करणाऱ्याच्या नावाच्या पुढे, दोन लिंक आहेत: एक ऑनलाइन जुगाराची, दुसरी झटपट कर्जाची. तपकिरी पट्टीवर तपकिरीच अक्षरांत, त्यामुळे तुमच्या घरात कोणाच्या नजरेला पडल्या नाहीत. गूगल कोड वाचतं, त्याला त्या दिसतात. लपवलेल्या लिंकांना गूगलच्या स्पॅम धोरणात स्पष्ट मनाई आहे आणि टेम्प्लेटच्या फूटरमधून ठिकठिकाणी पेरलेल्या लिंकांचा तिथे वेगळा उल्लेखही आहे. 2012 च्या एप्रिलमध्ये गूगलच्या क्रम लावण्याच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल आला, तो लिंकांच्या असल्याच बाजारावर. फुकट वाटणाऱ्या काही मंडळींची कमाई यातूनच होते.

भाच्याला त्या दोन ओळी काढायला सांगा, पण आधी साइटची एक प्रत ठेवून. काही टेम्प्लेटांत मेख मारलेली असते: तळाच्या ओळीला हात लावला की अख्खी साइट कोरी. कोणाला कळू नये म्हणून तो कोड बेस-64 मध्ये, म्हणजे अर्थ न लागणाऱ्या अक्षरांच्या लांबलचक गठ्ठ्यात, गुंडाळून ठेवतात. असा गठ्ठा दिसला तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, टेम्प्लेटच फेकून द्या. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या साधनाच्या अधिकृत संग्रहात तपासून घेतलेली कितीतरी फुकट टेम्प्लेटं आहेत. विकतच्या टेम्प्लेटची चोरून फुकट वाटलेली प्रत तर चुकूनही घेऊ नका. असल्या प्रतीत काय काय कोंबलेलं असेल, सांगता येत नाही.

करणाऱ्याच्या नावाची उघड ओळ मात्र पुसू नका. बरीच टेम्प्लेटं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावर 'श्रेय द्या' एवढ्याच अटीने मिळतात. माणसाने काम फुकट दिलं, निदान त्याचं नाव तरी राहू द्यावं. फारच धास्ती वाटत असेल तर त्या लिंकला 'नोफॉलो' लावा, म्हणजे ही लिंक शिफारस म्हणून धरू नको अशी गूगलला खूण. ती सोय 2005 पासून आहे.

दुसरं, तुमच्या 'उत्पादने' पानाच्या कोडमध्ये कॅनॉनिकल म्हणून टेम्प्लेटच्या नमुना साइटचा पत्ता राहून गेला आहे. म्हणजे तुमचंच पान गूगलला सांगतंय, 'मूळ पान मी नव्हे, ते तिकडे.' गूगल ते दर वेळी मानतंच असं नाही, पण आपण होऊन चुकीकडे बोट कशाला दाखवायचं? तिथे स्वतःचा पत्ता घाला आणि सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, तेही फुकटच आहे, 'यूआरएल इन्स्पेक्शन' करून गूगलने कोणतं पान मूळ धरलंय ते बघा.

वरच्या सरकत्या पट्टीतले पाच फोटो फोनमधून काढले तसेच चढवलेत. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गूगलची अपेक्षा असते. तुमचा बंब माझ्या फोनवर उगवेपर्यंत माझा चहा पिऊन झाला. पट्टी काढा, एकच फोटो ठेवा, तोही लहान करून वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात.

इतकं सगळं केलंत तरी खरं दुखणं वेगळंच आहे, असं माझं मत. तुमच्या साइटवर शब्दच नाहीत. प्रत्येक पानाचं शीर्षक 'होम', फोटोखाली 'प्रॉडक्ट 1', 'प्रॉडक्ट 2'. पुण्यात कोणी 'कल्हई कुठे करून मिळेल' असं शोधलं तर तुम्ही सापडणार कसे? कल्हई हा शब्द साइटवर एकदाही आलेला नाही! बंब, घंगाळ, हंडा यांना आपापलं पान आणि आपापलं शीर्षक द्या. मठारकामाचे ठोके कसे घालतात, मापं काय, वजन किती, कल्हई किती दिवसांत मिळते, हे गिऱ्हाइकाला काउंटरवर सांगता तसं लिहा. शेजाऱ्याचं टेम्प्लेट तेच असलं तरी हा मजकूर त्याच्याकडे नसणार.

प्रश्न : माझ्या शिकवणीच्या साइटचं टेम्प्लेट बदलायचं आहे. गूगलवर जागा बरी आहे, ती जाईल का? — एक शिक्षिका, वारजे

उत्तर : पानांचे पत्ते, शीर्षकं आणि मजकूर तसाच ठेवलात तर सहसा जात नाही, थोडे दिवस वरखाली होईल. एखादा पत्ता बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्यावर 301 रीडायरेक्ट, म्हणजे 'पत्ता कायमचा बदलला' अशी आपोआप पाठवणी, लावा. नवं टेम्प्लेट लपवून तपासताना वर्डप्रेसमध्ये 'सर्च इंजिनांना मज्जाव' अशा अर्थाची जी खूण करतात, ती साइट सुरू केल्यावर काढायला विसरू नका. आणि हे काम दहावीच्या निकालाच्या आठवड्यात काढू नका, तेव्हाच तर पालक शोधत असतात.