सत्त्व, सक्त आणि पन्हाळेकाजीचा अक्षोभ्य

दापोलीहून प्रश्न आला आहे: तिथल्या पन्हाळेकाजीच्या बौद्ध लेण्यांत बैठ्या मूर्ती दाखवून ‘हा बोधिसत्व, म्हणजे सत्त्वगुणी बुद्ध’ असं सांगतात, ते बरोबर का? (बोधिसत्त्व म्हणजे बुद्ध होण्याच्या वाटेवरचा.) आणि ‘सत्व’मध्ये त एक की दोन?

दोन, सत् + त्व. पण सांख्य दर्शनातला (सत्त्व-रज-तममधला) सत्त्वगुण बौद्धांच्या माथी मारणं आता पुरे. गुळवेलीचं सत्त्व, सत्त्वपरीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे. बौद्ध ग्रंथांत सत्त्व म्हणजे जीव. मुंगी आणि नरकवासीसुद्धा सत्त्वच, त्यात सात्त्विक काय?

खरी गंमत पालीत, जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत आहे. तिथे शब्द ‘सत्त’. संयुत्तनिकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात राध नावाचा भिक्खू विचारतो, सत्त कशाला म्हणायचं? बुद्धांचं उत्तर येतं: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांच्याविषयीच्या तृष्णेत जो अडकला तो, ‘तत्र सत्तो, तत्र विसत्तो’ (तिथे चिकटलेला, तिथे पुरता अडकलेला). हा ‘सत्त’ संस्कृत ‘सक्त’चा, म्हणजे चिकटलेला. भक्तचं भत्त झालं आणि कोकणातल्या पानात भात आला, त्याच नियमाने सक्तचं सत्त. (सक्तमजुरीतला सक्त फारशी, त्याला यात ओढू नका.) पुढे तिथेच दाखला म्हणून मातीची घरं करणारी मुलं येतात: गोडी आहे तोवर ‘माझं घर’, गोडी संपली की हातापायांनी मोडून टाकतात.

कोशकार याला शब्दखेळ म्हणून हात झटकतात. जीव या अर्थाचा सत्त ‘सत्त्व’वरूनच आला, मान्य. पण ‘बोधिसत्त’चं काय? पाली अट्ठकथांतही (जुन्या टीकांत) ‘बोधीत (जागृतीत) आसक्त’ हा अर्थ दिलेला आहे. संस्कृत करणाऱ्यांनी दोन वाटांतली एक धरली, इतकंच. माझं मत बोधिसक्तकडे. तेच चिकटणं, फक्त रोख बदललेला.

योगाचारी (चित्तावर भर देणारा महायान पंथ) या बदलाला आश्रयपरावृत्ती म्हणतात. मराठीतलं ‘परावृत्त’ म्हणजे मागे हटलेला. इथे चित्ताचा पायाच पालटतो. आलयविज्ञानाचं, म्हणजे संस्कारांची बीजं साठवणाऱ्या चित्ताचं, आदर्शज्ञान होतं, म्हणजे आरशासारखं. ‘मी’ला धरून बसणाऱ्या क्लिष्ट मनाचं समताज्ञान, विचार करणाऱ्या मनोविज्ञानाचं प्रत्यवेक्षणाज्ञान (पारखणारं), पाच इंद्रियविज्ञानांचं कृत्यानुष्ठानज्ञान (कामं पार पाडणारं). आठ विज्ञानांची चार ज्ञानं. ऐकून आणि विचार करून आलेली प्रज्ञा इथवर पोचवत नाही, भावनामयीच लागते. अनेकांचं घोडं अडतं ते इथे: ‘भावना’ म्हणजे हळवेपणा समजतात, ती आहे साधना.

वज्रयानाने (बौद्धांच्या तांत्रिक शाखेने) पाचवं धर्मधातुज्ञान जोडलं आणि एकेक ज्ञान एकेका तथागताला, म्हणजे बुद्धाला, दिलं. आदर्शज्ञान अक्षोभ्याकडे, द्वेष पालटला की ते. पन्हाळेकाजीच्या 29 लेण्यांत ज्याच्या मूर्ती आहेत तो हाच, उजवा हात भूमीला टेकलेला. म्हणजे सत्त्वगुणी तर नाहीच, बोधिसत्त्वही नाही, तो तथागत.