वाचकांचे प्रश्न : क्युबेसमधून रीपरकडे येताना

प्रश्न : गेली चौदा वर्षे मी घरातल्या खोलीत क्युबेस हा संगणकावरचा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम वापरून अभंग आणि भावगीते ध्वनिमुद्रित करीत आहे. जुना संगणक थकत आल्यामुळे नवा घेतला आणि मुलाच्या सांगण्यावरून त्यावर रीपर हा त्याच कामाचा दुसरा प्रोग्रॅम बसवले. तीन आठवडे झाले तरी हात बसत नाही. अर्धवट राहिलेल्या सहा गाण्यांच्या मूळ वेव्ह फाइल नव्या प्रोग्रॅममध्ये आणून फेडर (आवाजाची पातळी ठरवणाऱ्या सरकत्या पट्ट्या) पूर्वीच्याच आकड्यांवर ठेवले, तरी गायकाचा आवाज आणि तबला अंगावर येतात आणि तानपुरा मागे पडतो. रीपरचा ध्वनीच निराळा आहे, की हा माझ्या कानांचा दोष आहे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपले कान अगदी बरोबर सांगत आहेत, आणि तरीही रीपरचा ध्वनी निराळा नाही. गायक आणि तबला हे आपण प्रत्येकी एका मायक्रोफोनवर, म्हणजे मोनो ट्रॅकवर घेतले असणार आणि तानपुरा स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांचा असणार, असे आपल्या वर्णनावरून वाटते. मोनो आवाज मध्यावर ठेवला की तो डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही स्पीकरमधून सारखाच निघतो आणि एका बाजूला ठेवलेल्या त्याच आवाजापेक्षा मोठा ऐकू येतो. ही वाढ भरून काढण्यासाठी क्युबेस मूळ मांडणीत मध्यावरचा मोनो आवाज ३ डेसिबलने कमी करते. स्टिरिओ ट्रॅकला मात्र ते मध्यावर हात लावत नाही. रीपरच्या मूळ मांडणीत अशी कपात नसते. त्यामुळे फेडरचे आकडे जुळवूनही गायक आणि तबला तानपुऱ्याच्या तुलनेत ३ डेसिबलने वर आले. गायक आणि साथ यांच्यातला एवढा फरक चौदा वर्षे तेच मिश्रण ऐकणाऱ्या कानाला जाणवल्याशिवाय राहत नाही.

उपाय सोपा आहे. रीपरमध्ये संपूर्ण प्रकल्पासाठी हा पॅनचा, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे ठेवण्याचा, नियम बदलण्याची सोय आहे, परंतु ती वापरू नये असे माझे मत आहे, कारण तिथे प्रत्येक ट्रॅक मुळात स्टिरिओच मानला जातो आणि केलेली कपात तानपुऱ्यालाही लागू होते; म्हणजे सगळेच खाली जाते आणि तफावत जिथल्या तिथे राहते. त्याऐवजी मध्यावर असलेले मोनो ट्रॅक तेवढे ३ डेसिबलने खाली घ्यावेत. जे आवाज पूर्णपणे डावीकडे किंवा उजवीकडे ठेवले आहेत त्यांना हात लावू नये, आणि जे अधेमधे आहेत ते कानाने जुळवावेत.

मनात शंका उरू नये म्हणून एक चाचणी करून पाहावी. तानपुऱ्याचा एकच स्टिरिओ ट्रॅक, कोणताही इफेक्ट न लावता आणि फेडर शून्य डेसिबलवर ठेवून, दोन्ही प्रोग्रॅममधून त्याच नमुना-दराने आणि त्याच बिट-खोलीने बाहेर काढावा. नंतर दोन्ही फाइल एकाखाली एक अगदी सारख्या जागी लावून त्यांतल्या एकीचा फेज उलटा करावा, म्हणजे तिची लहर वरची खाली आणि खालची वर करावी. दोन्ही एकमेकींना खोडून काढतील आणि स्पीकरमधून काहीही ऐकू येणार नाही. मिश्रण म्हणजे अखेर आकड्यांची बेरीज असते आणि ती दोन्हीकडे सारखीच होते.

आता त्या सहा गाण्यांविषयी थोडे स्पष्टपणे लिहितो. जुना संगणक चालू आहे तोवर ती गाणी त्याच्यावरच, क्युबेसमध्येच पूर्ण करावीत. रीपर क्युबेसचे प्रकल्प थेट उघडत नाही, आणि क्युबेससोबत आलेले बरेचसे इफेक्ट्स दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये चालत नाहीत. अर्धे झालेले मिश्रण नव्या जागी पुन्हा उभे करताना माणूस गाणे ऐकायचे सोडून जुने आणि नवे यांची तुलनाच करीत बसतो. आपले तीन आठवडे त्यातच गेले असावेत. वेगळे विकत घेतलेले व्हीएसटी प्लगइन (प्रोग्रॅमला जोडायचे इफेक्ट किंवा वाद्ये) मात्र नव्या संगणकावर बसवले की रीपरमध्येही चालतील. व्हीएसटी ही पद्धत क्युबेसच्याच स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली आणली आणि इतरांसाठी खुली ठेवली, म्हणून हे शक्य झाले.

पूर्ण झालेल्या गाण्यांचीही सोय आत्ताच लावून ठेवावी, कारण संगणक बंद पडल्यावर ती लावता येणार नाही. प्रत्येक गाण्याचा प्रत्येक ट्रॅक पहिल्या मात्रेपासून अखेरपर्यंत सलग, २४ बिटमध्ये बाहेर काढावा, म्हणजे कोणत्याही प्रोग्रॅममध्ये सगळे ट्रॅक अगदी सुरुवातीच्या जागी लावले की आपोआप जुळतात. गायकाचा ट्रॅक दोनदा काढावा, एकदा कोरा आणि एकदा इफेक्ट्ससह. हे ट्रॅक क्युबेसच्या मिक्सरमधून स्टिरिओ करून काढले तर ३ डेसिबलची कपात त्यांत आधीच झालेली असते; अशा फाइल रीपरमध्ये पुन्हा खाली घेऊ नयेत. कीबोर्डने वाजवलेल्या भागांची मिडी फाइलही (तिच्यात आवाज नसतो, कोणता स्वर केव्हा वाजला याची नोंद असते) सोबत ठेवावी. ती रीपरमध्ये उघडल्यावर क्युबेसमधला सी ३ हा स्वर सी ४ म्हणून दिसेल आणि एक सप्तक चढले की काय असे वाटेल. स्वर तोच असतो, फक्त त्याचे नाव लिहिण्याची पद्धत वेगळी आहे, तेव्हा काहीही खाली उतरवू नये.

हात न बसण्याचे खरे कारण कळांपेक्षा ट्रॅकच्या कल्पनेत आहे असे मला वाटते. क्युबेसमध्ये ट्रॅक घेण्याआधीच तो ऑडिओचा, वाद्याचा, गटाचा की इफेक्टचा हे ठरवावे लागते आणि चौदा वर्षांत आपला हात त्या प्रश्नाची वाट पाहायला शिकला आहे. रीपरमध्ये ट्रॅक एकाच जातीचा असतो. त्यात आवाज ठेवा, मिडी ठेवा, किंवा इतर ट्रॅक त्याच्या पोटात घालून त्याला फोल्डर करा. फोल्डर झाला की तोच गटाचे काम करतो. तबला आणि डग्गा वेगवेगळ्या मायक्रोफोनवर घेतले असतील तर ते एका ट्रॅकच्या पोटात घालून पाहावेत. ही एक गोष्ट उमगली की मेनूंमधली शोधाशोध बरीच कमी होते.

कळांविषयी एवढेच सांगतो की जुन्या सगळ्या कळा नव्या प्रोग्रॅमवर लादू नयेत. क्युबेसमध्ये आवाज कापण्यासाठी आल्ट आणि एक्स, तर रीपरमध्ये नुसता एस; असे फरक पंधरा दिवसांत अंगवळणी पडतात. एकट्याने गाताना किंवा वाजवताना ज्या कळा न बघता दाबाव्या लागतात, उदाहरणार्थ ध्वनिमुद्रण सुरू करण्याची कळ, तेवढ्याच क्रियांच्या यादीत जाऊन जुन्याप्रमाणे लावून घ्याव्यात. ही यादी प्रश्नचिन्हाच्या कळीने उघडते. रीपर साठ दिवस वापरून पाहता येते, तेव्हा घाईने निर्णय घेण्याचे कारण नाही.

प्रश्न : मीही क्युबेसवरून रीपरवर आले आहे. रूपक तालातली एक रचना मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत गाऊन घेतली आणि नंतर लय ७६ केली, तर माझा गायलेला आवाजही पळू लागला. शिवाय मेट्रोनोमवर गाताना समेवर अडखळायला होते.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : रीपरच्या मूळ मांडणीत ध्वनिमुद्रित तुकड्यांची जागा, लांबी आणि वेग मात्रांना बांधलेले असतात. आपण लय ७२ वरून ७६ केलीत तेव्हा आवाज सुमारे साडेपाच टक्क्यांनी वेगवान झाला. स्वर न चढता हा ताण पडतो, म्हणून तो अधिक कृत्रिम ऐकू येतो. लगेच अनडू करावे आणि प्रकल्पाच्या मांडणीत टाइमबेस (तुकडे कशाला बांधायचे ते ठरवणारी निवड) मात्रांऐवजी वेळेवर ठेवावा. यापुढे लय बदलली तरी गायलेला आवाज जागचा हलणार नाही. मात्र ७२ च्या लयीत गायलेली रचना ७६ ला हवी असेल तर ती पुन्हा गावी, असाच माझा आग्रह राहील. आलापासाठी तर मात्रांची जाळीच बंद ठेवावी.

समेवरचे अडखळणे हा आपल्या गाण्याचा दोष नाही. मेट्रोनोम पहिल्या मात्रेवर जोर देतो आणि रूपकात समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, ‘खाली’ (तालातली बिनजोराची जागा) असते. तबल्याचे ‘तीं तीं ना’ हे बोल मनात चालू असताना नेमक्या त्या जागी ठणका बसला तर कोणीही बिचकेल. तालाची विभागणी ७/४ ठेवून मेट्रोनोमच्या मांडणीत पहिल्या मात्रेचा जोर काढून टाकावा आणि तो चौथ्या व सहाव्या मात्रेवर, म्हणजे ‘धीं’च्या जागी, द्यावा.